शिडी कुणी काढली

टाकीचं झाकण पहारीनं उचकटलं तेव्हा आधी झुरळं बाहेर आली. एखाददुसरं नव्हे, फटीतून तपकिरी पाणी उसळावं तशी. उन्हात येऊन ती भांबावली आणि मग धुण्याच्या दगडाखाली, कोथिंबिरीच्या वाफ्यात, आमच्या पायांवरून, वाट मिळेल तिकडं पळाली. माझ्या थोरल्या जाऊबाई, रंजनाताई, साडी गुडघ्यापर्यंत धरून ओरडत मागं सरल्या. लहूभावजी पहारीवर रेलून हसले.

"जागरणाचं पाव्हणं आधीच आलं की गं!"

मग वास आला. सडक्या अंड्यांचा, नाकातून थेट पोटात उतरणारा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पदर नाकाला लावला.

"झाक ते, लहू. माझं ऐक. गाडी येईल तवा येईल."

"आई, रविवारी घर भरून माणसं येणार. ती काय शेतात जाणार व्हय?"

त्यांचंही खरं होतं. रंजनाताईंची मुलगी मयूरी मोठ्या दुखण्यातून उठली होती. त्या आजारपणात बोललेलं खंडोबाचं जागरण रविवारी होतं. आणि नेमका त्या उन्हाळ्यात आमचा संडास तुंबला. ओतलेलं पाणी वर यायचं. न्हाणीच्या जाळीतून सकाळ-सकाळी गुडगुड ऐकू यायची, जमिनीखाली बसून कुणी गुळण्या करतंय अशी. आत्याबाई माळ ओढायच्या थांबायच्या आणि कान देऊन ऐकत राहायच्या. परसातली ती टाकी सासऱ्यांनी घराबरोबर बांधली होती. सासरे वारले, पोरांची लग्नं झाली, पण तिचं झाकण कधी कुणी उघडलं नव्हतं. नगरपालिकेची मैला उपसायची गाडी दुरुस्तीला गेली होती. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले.

लहूभावजींचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून दुरुस्त करायचं दुकान होतं. गाडीची वाट बघणारा तो माणूसच नव्हता. चिखल ओढणारा पंप त्यांनी दुकानातून आणला आणि मागच्या पडक्या रानात खड्डा काढून तिकडं नळी सोडली.

लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ. अंकुश माझे यजमान. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आता सांगताना घेते. लहूभावजी आधी जन्मले, अंकुश त्यांच्या मागून, आणि पुढं जन्मभर तोच क्रम राहिला. लहानपणी लहूभावजींनी कालव्यात उडी मारली तर पोहता येत नसताना अंकुशनीही मारली होती. धुणं धुणाऱ्या बायकांनी दोघांना केसांना धरून बाहेर काढलं. आत्याबाई ही गोष्ट आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. मला त्यात कौतुक वाटायचं नाही, भीती वाटायची.

त्याचं कारण माझ्या माहेरी होतं. आमच्या माण तालुक्यात विहिरी खोल. पाणी ओढायचं इंजिन आत, खाली बांधलेल्या कट्ट्यावर असे. उतरायच्या आधी माझे वडील दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. एकदा भिवा गलांडे नावाचा गडी कंदील न सोडताच इंजिन बंद करायला उतरला तो वर आला नाही. त्याला बघायला पुतण्या उतरला, तोही आला नाही. दोघांना एकाच बैलगाडीतून घरी आणलेलं मी पाहिलं होतं.

म्हणून मी म्हणाले, "भावजी, कुणी आत उतरायचं असंल तर आधी कंदील सोडून बघा."

"शालन, ती विहीर झाली," ते म्हणाले. "ह्या टाकीत कंदील सोडलास तर झाकणासकट आपण सगळी उडू. पेटणारा वायू असतो ह्यात. आणि उतरतंय कोण? पंप हाय की!"

मी जेवणाच्या तयारीला आत गेले.

पंप चालू झाला. काळं पाणी नळीतून धडधडत रानात पडू लागलं. हळूहळू सगळ्यांचे चेहरे सैल झाले. रंजनाताईंनी ओट्यावर डाळ पसरून निवडायला घेतली. जागरणाला वाघ्या-मुरळी कुठून बोलवायचे यावर आत्याबाईंचं आणि त्यांचं बोलणं चाललं. मयूरी शाळेत गेलेली. जेवणं झाली. मी खरकटं काढत होते तेव्हा पंपाचा आवाज बदलला. धडधड थांबली आणि नुसतं घुं घुं सुरू झालं.

लहूभावजींनी बटण बंद केलं. दोर ओढून पाहिला, पण पंप वर येईना. तळाचा गाळ दाट, त्यात तो रुतला होता. दोघा भावांनी मिळून ओढलं, तरी हलेना. लहूभावजी गुडघे टेकून टाकीच्या तोंडात वाकले.

"अंकुश, बघ रं. वास गेला. सकाळपासनं उघडी हाय न्हवं, हवा निघून गेली सगळी."

मीही पुढं होऊन वाकले. खरंच, वास येत नव्हता. सकाळी जिथं नाक धरून उभं राहावं लागत होतं तिथं काहीच नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण खालून गार काहीतरी तोंडावर आलं आणि जिभेवर पैशाचं नाणं ठेवावं तशी चव आली. मी मागं सरले. दिवसभर तोंडावर घोंगावणाऱ्या माश्याही आता दिसत नव्हत्या.

"भावजी, असू द्या पंप," मी म्हणाले. "गाडी आली की काढतील ती माणसं."

"तवर गंजून जाईल. गुडघाभर राहिलंय आत. गेलो न् आलो."

घराला चुना लावायची बांबूची शिडी त्यांनी आणून आत सोडली. नाकाला रुमाल बांधला. आत्याबाई ओट्यावरून उठून आल्या.

"लहू, नको."

"आई, तू चहा टाकायला सांग. चहा उकळायच्या आत येतो."

शिडी करकरली. त्यांचं डोकं खाली गेलं. मग डबक्यात पाय पडल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा आवाज, रांजणातून बोलल्यासारखा.

"लई घट्ट बसलाय रं... अंकुश, दोर वढ..."

अंकुशनी दोर ओढला. "हलतोय का?"

उत्तर आलं नाही.

"लहू, हलतोय का?"

खाली पाण्यात कुणीतरी बसल्यासारखा आवाज झाला. किंचाळी नाही, हाक नाही. दमलेला माणूस घरी येऊन बसतो तसा.

रंजनाताईंच्या हातातलं सूप पडलं. "अहो!" म्हणून त्या एकदा ओरडल्या आणि तशाच अनवाणी रस्त्याकडं पळाल्या. त्यांचा आवाज लांब लांब जात राहिला, "धावा! कुणीतरी धावा!" परसात आम्ही तिघं राहिलो, अंकुश, आत्याबाई आणि मी.

अंकुश पालथे पडून टाकीच्या तोंडात डोकं घालून हाका मारत होते. "लहू! ए लहू! वर बघ! लहू!" मग ते उठले आणि त्यांनी शिडीकडं पाय टाकला. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. बोटांत बोटं अडकवली आणि पाय धुण्याच्या दगडाला टेकून मागं रेलले.

"सोड!"

"न्हाई सोडणार."

"माझा भाऊ हाय तितं! सोड मला!"

"जाऊ नका, तुमी बी न्हाई येणार. तुमी बी न्हाई येणार वर!"

त्यांनी कोपर मागं मारलं. माझ्या तोंडात कडकन काहीतरी मोडलं आणि तोंड रक्तानं भरलं. तरी मी सोडलं नाही. मला फरफटत ते टाकीच्या तोंडाशी गेले, गुडघ्यांवर पडले आणि शिडीचं टोक त्यांनी एका हातानं धरलं. माझे डोळे मिटलेले होते, गाल त्यांच्या पाठीला दाबलेला होता. एवढंच कळलं की त्यांच्या अंगाला हिसका बसला. शिडी त्यांच्या हातातून सुटली, सरसर करत वर आली आणि कोथिंबिरीच्या वाफ्यावर आडवी पडली.

त्यावर ते जसे ओरडले तसं ओरडणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही. ते उडीच मारणार होते. पण डोकं आत घालून हाका मारताना तो वायू त्यांच्याही छातीत गेला होता. पाय लुळे पडले, ओकारी आली. मी त्यांना काखेत धरून भिंतीपर्यंत ओढत नेलं.

माणसं आली तेव्हा कुणाला काय करावं सुचत नव्हतं. शेजारचे एक जण आत उतरायला निघाले. "कुणी उतरायचं न्हाई! गळ आणा, विहिरीचा गळ आणा!" असं मी तोंडातलं रक्त थुंकत ओरडत होते. विहिरीत पडलेली बादली काढायचा आकड्यांचा गळ कुणीतरी पळत आणला. तो सोडला, चुकला, पुन्हा सोडला आणि शेवटी लहूभावजींच्या सदऱ्याला आणि पट्ट्याला अडकला. चौघांनी ओढून त्यांना वर घेतलं. चेहरा झोपेतल्यासारखा होता. पाणी ओतून धुतला तेव्हा रंजनाताई पुढं झाल्या आणि त्याच वेळी त्यांची नजर वाफ्यावर गेली.

"शिडी बाहेर कशी?"

त्या वळून एकेकाकडं बघू लागल्या.

"शिडी कुणी काढली? ते आत असताना शिडी कुणी काढली?"

भिंतीशी पडलेल्या अंकुशनी मान उचलली. आत्याबाईंचे ओठ हलले.

"मी काढली," मी म्हणाले.

रंजनाताई माझ्याकडं बघत राहिल्या. "आणि त्यांना शुद्ध आली असती तर? कशानं आले असते वर?"

जीपमधून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या ओठाला टाके घालताना ते म्हणाले, "वास येईनासा झाला तेव्हा हवा गेली नव्हती, बाई. नाकच बधिर झालं होतं. दोन-चार श्वासांत संपतं सगळं. दुसरा उतरला असता तर तोही गेला असता." हे ऐकायला तिथं मी एकटीच होते. अंकुश पलीकडच्या खोलीत सलाईनवर होते आणि रंजनाताई बाहेर जमिनीवर बसून होत्या.

रविवारी माणसं आली. जागरणाला बोलावलेलीच माणसं, पण माती झाल्यावर भेटायला. जागरणासाठी आणलेल्या सतरंज्यांवरच बसली.

त्या दिवशी दुपारी आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"शालन, का घेतलंस अंगावर?"

मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

"शिडी मी वढली. तुला ठावं हाय."

"हाय ठावं."

"मग?"

"रंजनाताईंना माहेर न्हाई, आत्याबाई. मयूरी एवढीशी. त्यांना आता तुमीच. तुमच्या हातानं झालं असं कळलं तर त्या तुमचं तोंड बघतील का? पोरीला घेऊन कुठं जातील?"

"आणि अंकुश?"

"ते मला बोलतील. बोलू द्या. वरीसभर बोलतील."

"मी सांगते त्याला."

"नको."

त्यांनी दाराची कडी धरली. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. आणखी एकदा तरी म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या इतक्या लवकर बरं म्हणाल्या ते मला लागलं. पण दोन लेकांपैकी एकाला खाली ठेवून दुसऱ्याला वर ठेवणाऱ्या बाईकडून मी आणखी काय मागणार होते?

वर्षभराचा माझा हिशेब चुकला. अंकुश माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. ते बोलेनासेच झाले. पाणी तापव, दार लाव, एवढंच. पुढच्या खोलीत झोपू लागले. कारखान्यातल्या कामावर जायचे, यायचे, जेवायचे. रंजनाताईंनी पेठेत वेगळं बिऱ्हाड केलं. आत्याबाई त्यांच्यासोबत गेल्या आणि मयूरीला त्यांनीच वाढवलं. शेजारणी मागून मला शिडीवाली म्हणत. मयूरीच्या लग्नाला मला बोलावणं आलं, पण हळदीला कुणी पुढं ये म्हणालं नाही. मांडवाच्या कडेला परक्यासारखी जेवून मी परत आले. सणावाराला आत्याबाई माझ्या चुलीपाशी येऊन बसायच्या. माझ्या मोडक्या दाताकडं बघायच्या आणि नजर वळवायच्या. त्या दिवसाविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही.

टाकी मात्र मी तुंबू दिली नाही. वेळच्या वेळी नगरपालिकेची गाडी बोलवायची. माणसं वरूनच पाइप सोडून उपसा करायची. मी ओट्यावर उभी राहून कुणी आत वाकत नाही ना ते बघायची. त्या दिवशी अंकुश सकाळीच घराबाहेर पडत.

मयूरीला मूल झालं, ते बघून आत्याबाई गेल्या. झोपेतच गेल्या. तेराव्याचं जेवण आमच्याकडं झालं, कारण थोरलं घर ते. लोक पांगल्यावर मी भांडी घेऊन परसात आले तर अंकुश धुण्याच्या दगडावर बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं पाहिलं नव्हतं.

"शालन, बस."

मी उभीच राहिले.

"आईनं जाताना तुला काय सांगितलं?"

"काय न्हाई."

"मला बी न्हाई. मी वाट बघत व्हतो."

"कशाची?"

"ती म्हणंल म्हणून. शिडी मी काढली, असं एकदा तरी म्हणंल म्हणून."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुजं दोन्ही हात माझ्या कमरंला व्हतं. बोटात बोटं घालून धरलंवतंस. मग शिडी कुणी वढली ते मला कळंना व्हय?"

पलीकडं नळाचं पाणी बादलीतून वाहून चाललं होतं. ते बंद करायचं माझ्या ध्यानात आलं, पण पाय हलला नाही.

"पहिल्या दिवसापासनं?"

"हां."

"मग मला का? एवढी वरसं मला का?"

त्यांनी धुण्याच्या दगडावरून हात फिरवला. "आईवर राग धरून ऱ्हाता आलं नसतं मला. एका गावात, तिच्या म्होरं. आणि कुणावर तरी धरल्याबिगर बी ऱ्हाता येत नव्हतं. तू आपणहून म्होरं आलीस. मी म्हणलं, बरं झालं."

मी त्यांना मारीन असं मला वाटलं. हात उचललाही गेला असेल. पण ते तसेच मान खाली घालून बसलेले, टाळूवरचे केस गेलेले, लहूभावजी म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते. मी हात खाली घेतला. पण सोडूनही दिलं नाही. या घरात मी पुष्कळदा नको, असू द्या म्हणाले होते. त्या दिवशी म्हणाले नाही.

"रंजनाताईंना सांगा."

"आता? म्हातारी गेली. कशाला..."

"आत्ता. चपला घाला."

ते गेले. मी नळ बंद केला, भांडी घासली, दिवे लागले तरी परसातच बसून राहिले. फाटक वाजलं तेव्हा वाटलं हेच आले. पण रंजनाताई होत्या, एकट्या. घरातून न जाता त्या बाजूच्या बोळातून थेट मागं आल्या. त्या दिवसानंतर त्यांनी या परसात पाय ठेवला नव्हता. टाकीच्या झाकणापासून थोड्या लांब त्या थांबल्या. रागावल्या असतील, रडतील, माझा हात धरतील, मी काय काय मनात आणलं होतं. यातलं त्यांनी काहीच केलं नाही.

"शालन, एक विचारू?"

"विचारा की."

"शिडी काढताना आत्याबाई काय बोलल्या का?"

"काढताना न्हाई. काढल्यावर त्या टाकीच्या तोंडाशी बसल्या. हात आत सोडला खांद्यापर्यंत. पोचणार नव्हताच तो."

"आणि?"

"'भिऊ नको रं लहू, मी हाय हितंच.' असं म्हणत व्हत्या. तुमी माणसं घेऊन येईपर्यंत तेवढंच म्हणत व्हत्या."

रंजनाताई हळूच खाली बसल्या. बराच वेळ झाकणाकडं बघत राहिल्या.

"आणि मी पळाले," त्या म्हणाल्या. "त्यांना सोडून रस्त्यावर पळाले."

"कुणीतरी जायलाच पायजे व्हतं, ताई," मी म्हणाले.